आठ रक्तगटांची सत्यशीला

सत्यशीला देवसरकर हिला स्वतःचा रक्तगट माहीत नव्हता. सव्वीस वर्षांत एका टायफॉइडपलीकडे तिला काही झालं नव्हतं, आणि उमरखेडमध्ये धडधाकट मुलीचं रक्त तपासून आणायची हौस कुणाला असणार? कॉलेजच्या ओळखपत्रावर त्यासाठी रकाना होता. तिनं शेजारच्या मुलीचं बघून तिथं ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहून टाकलं. रकाना रिकामा राहिला तर ओळखपत्र परत येतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

तिचे वडील नागोराव एस.टी.त वाहक होते. पुसद-नांदेड गाडीवर त्यांची उभी हयात गेली. मुलगी नांदेडहून इंजिनियर झाली, पुण्याला गेली, हडपसरच्या आयटी पार्कात तिसऱ्या मजल्यावर तिला खुर्ची मिळाली, तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले. ती नेमकं काय करते असं कुणी विचारलं, की ते म्हणत, “काँप्युटरमधलं सगळं तीच करते.” आता तीस माणसांच्या कंपनीत सगळं कुणीच एकटं करत नसतं. पण बापाला हे कोण सांगणार?

स्वभावानं ती धास्तावलेली होती. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघायची, गॅस बंद केला तरी अर्ध्या जिन्यातून परत जायची. अशा मुलीच्या हातून हे व्हावं, याचाच खरं तर जास्त धक्का बसतो. बेफिकीर माणसाच्या हातून झालं असतं, तर आपण ‘होणारच होतं’ म्हणून मोकळे झालो असतो.

२०१० सालच्या सुरुवातीला त्यांच्या कंपनीकडे एक काम आलं. नारायण पेठेत रक्तसखा मंडळ नावाची एक संस्था होती. संस्था म्हणजे एक खोली, एक टेबल, एक लँडलाइन आणि कुसुमकाकू बिवलकर. काकू चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून त्यांनी रक्तदात्यांची यादी करायला घेतली. कुणाला रक्त लागलं की त्यानं काकूंना फोन करायचा, आणि काकूंनी वहीतून त्या गटाचे दाते शोधून द्यायचे. ही यादी आता इंटरनेटवर आणायची होती, म्हणजे माणसाला काकूंचा फोन लागेपर्यंत ताटकळायला नको.

काकूंचा एक नियम होता. दात्यानं स्वतःच्या तोंडानं ‘हो’ म्हटल्याशिवाय त्याचं नाव यादीत जायचं नाही. भावानं भावाचं नाव दिलेलं चालायचं नाही, नवऱ्यानं बायकोचं तर मुळीच नाही. “माझ्याशी बोलायला लावा,” त्या म्हणत. “रक्त त्यांचं आहे, तुमचं नाही.”

सॉफ्टवेअर सत्यशीलानं लिहिलं. ज्या कोठीत सगळ्या नोंदी राहतात तिला ही मंडळी रिपॉझिटरी म्हणतात, आणि त्या कोठीशी बोलणाऱ्या सुट्या सुट्या भागांना मॉड्यूल. नवं मॉड्यूल बसवलं, की ते येताना थोडा सुरुवातीचा मजकूर बरोबर आणतं आणि कोठीत मांडून ठेवतं, कारण रिकाम्या कोठीकडे बघून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. सत्यशीलाच्या मॉड्यूलनं आठ रक्तगटांचे आठ कप्पे आणले आणि प्रत्येक कप्प्यात नमुन्याचा एकेक दाता. नमुन्यात कुणाचा फोन नंबर घालायचा हा प्रश्न आला, तेव्हा अभिनव तिला म्हणाला, “रँडम नंबर टाकू नको हं. कुणाचा तरी खरा निघतो आणि मग तो आपल्याला शिव्या घालतो.” अभिनव हा तिचा वरचा. माणूस वाईट नव्हता. तिनं स्वतःचं नाव आणि स्वतःचा नंबर घातला. एकदा नाही, आठ वेळा. त्या आठ कप्प्यांत तीच ए पॉझिटिव्ह होती, तीच बी निगेटिव्ह होती, तीच एबी आणि तीच ओ.

हा मजकूर कुठे मांडायचा आणि कसा मांडायचा, हे मॉड्यूलच्या मांडणीच्या, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या, फायलीत एका ओळीत लिहावं लागतं. त्या ओळीत एक शब्द असतो: ओव्हरराइट. त्यापुढे ‘फॉल्स’ लिहिलं, तर मॉड्यूल आधी बघतं, कोठीत काही आहे का, आणि असेल तर हात लावत नाही. ‘ट्रू’ लिहिलं, तर मॉड्यूलची नवी आवृत्ती आली की जुनं सगळं उचलून बाहेर आणि सुरुवातीचा मजकूर पुन्हा जसाच्या तसा आत. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानं घरातली माणसं-भांडी रस्त्यावर काढावीत आणि पहिल्या दिवशीची एकुलती एक कळशी पुन्हा कोनाड्यात ठेवून निघून जावं, तसं. काम चालू असताना सत्यशीलाला दिवसातून दहा वेळा स्वच्छ कोठी लागायची, म्हणून तिनं ‘ट्रू’ लिहिलं होतं. काम गिऱ्हाइकाला देण्याआधी ते बदलायचं असतं. ज्या दिवशी बदलायचं, त्या दिवशी सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काहीतरी पेटलं, आणि दुपारी अभिनवनं मंडळाचं काम देऊनही टाकलं.

पुढचे आठ महिने काहीच झालं नाही. होणार नव्हतंच, कारण नवी आवृत्ती कुणी बसवलीच नाही. काकूंनी पहिल्याच आठवड्यात नमुन्याच्या आठही सत्यशीला पुसून काढल्या. “तू कधी हो म्हणालीस मला?” असं तिला फोन करून सुनावलंही. मग बोटांनी एकेक अक्षर शोधत त्यांनी वह्यांतले दाते आत घालायला घेतले. रोज दोन, फार तर तीन, कारण प्रत्येकाला आधी नव्यानं फोन आणि नव्यानं ‘हो’. वह्या आणि काँप्युटर असं दुहेरी काम बरेच दिवस चाललं. सत्यशीलालाच त्यांची दया आली. “काकू, आता वह्या कशाला ठेवता? यातून काही जात नाही,” ती म्हणाली.

“लिहून देशील?”

“देते की.”

तिनं खरोखर एका कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. काकूंनी दिवाळीच्या साफसफाईत तिन्ही वह्या रद्दीत घातल्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी काकूंचा फोन आला. “अगं, तुमचे ते नंबर मुंगीएवढे दिसतात. ज्याचं माणूस दवाखान्यात आहे त्याचे डोळे भरलेले असतात, त्याला दिसायचं कसं? मोठे कर.”

दहा मिनिटांचं काम होतं. सत्यशीलानं ते आनंदानं केलं, नवी आवृत्ती तयार केली आणि बारा चाळीसला बसवली. बसवल्यावर साइट उघडून बघितलीसुद्धा. पहिल्याच कप्प्यात ठसठशीत अक्षरांत एक नंबर दिसला, तो तिचाच होता. नमुन्याची एखादी नोंद काकूंकडून पुसायची राहिलेली दिसते, असं तिला वाटलं. अक्षर मोठं झालं होतं, तेवढंच तिला बघायचं होतं. तिनं साइट बंद केली. कंपनीच्या नियमाप्रमाणे मोबाइल खणात होता, आवाज बंद करून. ती मीटिंगला गेली, मग डबा खायला गेली.

सव्वादोनला तिनं खण उघडला तेव्हा फोन थरथरत होता. अनोळखी नंबर होता.

“ताई, सत्यशीलाताई का? मी तात्याराव बोलतुया, लोनी काळभोरचा. आता हडपसरच्या दवाखान्यात हाय. तुमचं ओ निगेटिव हाय ना?”

“माझं? नाही... म्हणजे, मला माहीत नाही.”

“आसं नका करू ताई. कांपुटरवर तुमचं नाव हाय. पोरीचं बाळंतपन झालंय, लई रगात चाललंय. रक्तपेढीत येकच पिशवी हाय, त्याच गटाचा मानूस आनल्याबिगर देत न्हाईत. यादीत तुमचं येकटीचंच नाव हाय बघा.”

एकटीचंच. ओ निगेटिव्हचे दाते एकोणीस होते, हे तिला पक्कं माहीत होतं, कारण एकोणिसावा मिळाला तेव्हा काकूंनी मुद्दाम फोन केला होता. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून साइट उघडली. ए पॉझिटिव्ह: एक दाता. ए निगेटिव्ह: एक दाता. ती खाली खाली सरकत गेली. आठही कप्प्यांत एकेक दाता होता आणि आठही ठिकाणी सत्यशीला देवसरकर. अख्ख्या पुणे शहरात रक्त देणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला स्वतःचा गट माहीत नव्हता.

“ताई, आईकताय ना?”

“काका, मी येते,” ती म्हणाली. “मी लगेच येते.” काय घेऊन येणार होती, ते तिला सुचलेलं नव्हतं.

ती अभिनवकडे धावली. त्यानं आधी तिला बसवलं, पाणी दिलं. “रिलॅक्स. बॅकअपमधून काढू.” मग तो स्वतःच्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला आणि त्याचाही चेहरा उतरला. “बॅकअप फेज टूमध्ये होता गं. फेज टू अजून साइन झाली नाहीये.” थोड्या वेळानं म्हणाला, “सध्या क्लायंटला सर्व्हर इश्यू म्हणून सांगू. बाकी नंतर बघू.” त्यानं साइटच्या पहिल्या पानावर मंडळाचा लँडलाइन नंबर लावला, एवढं मात्र चटकन केलं.

सत्यशीलाला ते ‘नंतर’ ऐकवेना. जिना उतरतानाच तिनं काकूंना फोन लावला. सर्व्हर, इश्यू, यातलं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

“काकू, यादी गेली.”

“म्हणजे?”

“पुसली गेली. माझ्या हातून. सगळी.”

काकू गप्प झाल्या. टेलिफोन खात्यातलं माणूस फोनवर गप्प झालं की फार भीती वाटते.

“सगळी म्हणजे किती?”

“चारशे बारा.”

“चारशे तेरा,” काकू म्हणाल्या. “आज सकाळी एक घातला होता मी.”

सत्यशीला रस्त्यावर येऊन रिक्षात बसली आणि तिला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. रडत रडत तिनं लोणीच्या मुलीचं सांगितलं, एका पिशवीचं सांगितलं.

“रडणं थांबव आधी. मला विचार करू दे,” काकू म्हणाल्या. “नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. नंबर राहतात. चौतीस वर्षं तेच केलंय. ओ निगेटिव्हवाल्यांना मी दर महिन्याला फोन करते. तू दवाखान्यात जा, मी लावत बसते.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

दवाखान्याच्या दारात धोतर नेसलेला एक माणूस प्रत्येक रिक्षात वाकून बघत होता. सत्यशीला उतरली तशी त्यानं तिचा हातच धरला आणि रक्तपेढीच्या खिडकीशी नेऊन उभं केलं. “आली बगा,” तो आतल्या माणसाला म्हणाला. “ओ निगेटिव.” सत्यशीलानं ते खोडलं नाही. तिच्या मनात एक वेडी आशा येऊन बसली होती: कुणी सांगावं, असेलही. आजवर कधी तपासलंच नाही ना. शंभरात एखाददुसऱ्याचं असतं म्हणतात, तो एखाददुसरा मी असेन. सव्वीस वर्षं ज्या मुलीनं देवाकडे मार्कांशिवाय काही मागितलं नव्हतं, तिनं त्या पाच मिनिटांत स्वतःच्या रक्ताविषयी नवस बोलून घेतले.

तंत्रज्ञानं बोट टोचलं, काचेवर तीन थेंब घेतले, काडीनं हलवले. त्यानं काच उजेडात धरून नुसतं पाहिलं.

“बी पॉझिटिव्ह. तुम्हाला कुणी सांगितलं ओ निगेटिव्ह म्हणून?”

तात्याराव तिच्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना काही कळलंच नव्हतं. “आवो पन कांपुटरवर...” एवढंच ते म्हणाले आणि भिंतीशी उकिडवे बसले. आत त्यांची मैना होती, एकवीस वर्षांची. बाळ बाहेर आजीच्या मांडीवर झोपलं होतं. सत्यशीलाला त्या बाळाकडे बघवेना. तिथून पळून जावं असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटून ती खिडकीशी तशीच उभी राहिली.

तिचा फोन मधे मधे वाजतच होता. कोथरूडहून, चिंचवडहून, ससूनच्या वॉर्डातून. प्रत्येकाला वेगळा गट हवा होता आणि प्रत्येकाला यादीत तीच सापडलेली होती. ती प्रत्येकाला काकूंचा नंबर सांगत होती आणि माफी मागत होती. मग काकूंचा फोन आला.

“पहिला नाशिकला गेलाय. दुसऱ्यानं गेल्याच महिन्यात दिलंय, त्याचं घेणार नाहीत. तिसरी मिळाली. हडपसरच्या मंडईत भाजी विकते, कांताबाई. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा नंबर आहे तिचा. निघाली आहे, उभी राहा दारात.”

कांताबाई आल्या त्या हातात कोथिंबिरीची अर्धी जुडी तशीच घेऊन. गाळ्यावर शेजारणीला बसवून रिक्षा पकडली होती. “कुटं बसू?” एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचा गट तपासला, पिशवी सुटली, मैनाच्या खोलीकडे गेली. पाच वाजता आतून निरोप आला, की रक्तस्राव थांबलाय, धोका टळलाय. तात्यारावांनी कांताबाईंच्या पायाला हात लावला आणि मग, सत्यशीला मागे सरकायच्या आत, तिच्याही. “तुमचं नाव नसतं तर आमी कुनाला फोन केला असता?” ते म्हणाले.

यावर खरं काय ते सांगायला हवं होतं. सत्यशीलानं सांगितलं नाही. तिला वाटलं, आता कशाला. पोरगी वाचली, बापाचा जीव भांड्यात पडला, आता त्याच्यापुढे कॉन्फिगरेशन कुठे काढायचं?

ती ऑफिसात परतली तेव्हा अंगातलं त्राण गेलं होतं, पण मन पिसासारखं हलकं झालं होतं. ऑफिसच्या फोनवरून तिनं काकूंना लावलं. काकू नंबर सांगत गेल्या, ती एकेक करून साइटवर घालत गेली. “हा बी निगेटिव्ह. सदाशिव पेठेतला, बोलतो फार. हा एबी, याला रविवारी करायचा नाही.” नावांच्या जागी नुसते गट आणि नंबर, नावं मागाहून. साडेसहापर्यंत एकशे एकतीस दाते परत आले. काकू दमल्या. “उरलेले उद्या आठवतील,” म्हणाल्या. “आणि ते तू लिहून दिलेलं आहे ना माझ्याकडे, ते घेऊन जा. मला बघवत नाही.”

फोन ठेवल्यावर तिनं मोबाइल हातात घेतला. दुपारी खण उघडला तेव्हा तात्यारावांच्या फोनमागे मिस्ड कॉल दडले होते, ते आता सावकाश दिसले. चार वेगवेगळे नंबर. तीन एकेकदा, आणि चौथ्यावरून तीन वेळा: एक पाच, एक वीस, एक चाळीस. पहिल्या दोन वेळी ती मीटिंगमध्ये होती. एक चाळीसला ती कँटीनमध्ये डबा खात होती.

तिनं चौघांनाही उलटे फोन लावायचं ठरवलं. पहिल्या तिघांचं काम झालं होतं. एकानं तर तिलाच धीर दिला. चौथा नंबर दुसऱ्या घंटेला उचलला गेला.

“मी सत्यशीला देवसरकर. आपण दुपारी फोन केला होता. रक्तासाठी.”

“तीन वेळा केला होता,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. आवाज शांत होता, वयस्कर होता. “मी श्रीधर गोवंडे.”

“हो. माझा फोन सायलेंटवर होता. अजून गरज असेल तर मी येते. माझं बी पॉझिटिव्ह आहे. आजच तपासलंय.”

“आम्हाला बी पॉझिटिव्हच हवं होतं.” मागे कुणीतरी भांडी हलवत होतं, दबक्या आवाजात कुणी कुणाला चटई मागत होतं. “आई सव्वाचारला गेली.”

सत्यशीला उठून उभी राहिली. का उठली ते तिला कळलं नाही.

“रक्त मिळालं तसं,” श्रीधरराव म्हणाले. “तीन वाजता मिळालं, दुसरीकडून. उशीर झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणतोय.”

ज्या रक्तासाठी दुपारी तिनं नवस बोलले होते ते तिच्या अंगात नव्हतं, आणि जे होतं ते मागणारा माणूस त्याआधीच तीन वेळा हाक मारून थकला होता. ती त्या वेळी डबा खात होती. भेंडीची भाजी होती. हे सारखं तिच्या डोक्यात येत राहिलं, भेंडीची भाजी होती.

“एक विचारू का?” श्रीधरराव म्हणाले. “गेल्या महिन्यात शेजाऱ्यांसाठी मी हीच यादी बघितली होती. तेव्हा बी पॉझिटिव्हचे शंभराच्या वर दाते होते. आज एकच नाव कसं काय होतं? आणि ते एकच नाव फोन उचलत नव्हतं, हे कसं?”

यावर सांगायला अभिनवनं दिलेलं उत्तर होतं. ते तिला आठवलंही. पण तात्यारावांच्या पुढ्यात एकदा ती गप्प बसली होती, ते तिला अजून बोचत होतं.

“काहून की ती यादी मी पुसली,” सत्यशीला म्हणाली. चार वर्षांत पुण्यात तिच्या तोंडून उमरखेडचा ‘काहून’ निघाला नव्हता. “मुद्दाम नाही. पण मीच.” आणि तिनं सगळं सांगितलं. आठ कप्पे, नमुन्याचे आठ दाते, स्वतःचा नंबर का घातला ते, नंबर मोठे करायला केलेली नवी आवृत्ती, आणि त्या फायलीतली ती ओळ. सोप्या मराठीत सांगितलं, जसं तिनं कधी वडिलांनाही सांगितलं नव्हतं. श्रीधररावांनी तिला मधे कुठेही तोडलं नाही. घरात आई जमिनीवर निजवलेली असताना तो माणूस एका अनोळखी मुलीकडून मॉड्यूल म्हणजे काय ते ऐकून घेत होता.

“म्हणजे एक शब्द,” शेवटी ते म्हणाले.

“हो.”

“चुकीचा राहिलेला.”

“हो. मी आठ महिन्यांपूर्वी बदलायला हवा होता.”

“मग आता बदललात का?”

सत्यशीलाच्या समोर स्क्रीनवर एकशे एकतीस दाते ओळीनं उभे होते, काकूंनी डोक्यातून एकेक ओढून काढलेले. त्यांच्या खाली, त्या फायलीत, तो शब्द दुपारी होता तसाच होता. रडणं झालं होतं, माफ्या मागून झाल्या होत्या, दवाखाना झाला होता, पण त्या ओळीकडे बघायचं तिला दिवसभरात सुचलं नव्हतं. उद्या सकाळी कुणी आणखी एखादं अक्षर मोठं केलं असतं, तर हेही सगळे गेले असते.

“नाही,” ती म्हणाली.

तिला वाटलं, आता ते फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. ते नुसते थांबून राहिले.

सत्यशीलानं फोन कानाशी तसाच धरून खुर्ची पुढे ओढली. एका हातानं फाइल उघडली. ओळ सापडायला वेळ लागला, कारण डोळे भरलेले होते आणि अक्षरं बारीक होती. ‘ट्रू’ पुसलं, ‘फॉल्स’ लिहिलं, फाइल जतन केली, बंद केली, पुन्हा उघडून बघितली.

“बदलला,” ती म्हणाली.

“बरं,” श्रीधरराव म्हणाले. “आमच्याकडे माणसं यायला लागलीत आता.” आणि त्यांनी फोन ठेवला.